कायोटी जगाचा कर्ता की पक्का लबाड? ओकानागनच्या गोष्टी मुलांना सांगण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅनडात केलोनाला राहणाऱ्या एका मराठी आईच्या लेकीला शाळेत तिथल्या ओकानागन आदिवासींची कायोटीची, म्हणजे कोल्ह्यासारख्या एका प्राण्याची, गोष्ट सांगितली. आईने ग्रंथालयातून आणखी चार गोष्टी आणून वाचल्या आणि त्या चक्रावल्या. एका गोष्टीत कायोटी राक्षस मारून माणसांसाठी जग मोकळं करतो. दुसरीत स्वतःचे डोळे हवेत उडवून झेलायच्या नादात ते हरवून बसतो. तिसरीत सुनांवर नजर जाते म्हणून पोटच्या मुलाला आभाळात धाडून देतो. 'पंचतंत्रात निदान शेवटी काय शिकायचं ते कळतं. इथे मुलांनी बोध काय घ्यायचा? आणि आमच्या मंडळाच्या दिवाळीत यातली एखादी मराठीतून सांगितली तर चालेल का?'

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. सांगा, जरूर सांगा, पण दिवाळीत नको. का, ते पुढे येईलच.

बोधाचं म्हणाल तर गोष्टीच्या शेपटाला बांधलेलं तात्पर्य तुम्हाला इथे सापडणार नाही. लोककथा सांगण्या-शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि पंचतंत्राच्या सवयीने या कथांकडे जाणारा प्रत्येक जण याच ठिकाणी अडखळतो. करटक आणि दमनक कुठल्या जंगलात राहत होते याने आपल्याला काही फरक पडत नाही. ती कथा कुठेही उचलून न्या, चालते. कायोटीची कथा मात्र जागेला बांधलेली असते. अमुक धबधबा इथे का आहे, तमुक ओढ्यात मासे का चढत नाहीत, या डोंगराला हा आकार कसा आला, हे ती सांगते. म्हणून मी आधी विचारतो, ही गोष्ट कुठे घडली? ते कळलं की गोष्ट आपोआप उलगडायला लागते.

थोडी पार्श्वभूमी. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्यापेक्षा थोराड आणि लांडग्यापेक्षा लहान असा उत्तर अमेरिकेतला रानटी कुत्र्याच्या जातीचा प्राणी. केलोनाच्या आसपासच्या टेकड्यांवर तो आजही रात्री ओरडतो. ओकानागन लोक स्वतःला सील्ख म्हणवतात. त्यांची भाषा सेलिश कुळातली, आणि त्या भाषेत कायोटीचं नाव साधारण 'सिंक्लिप' असं ऐकू येतं. त्यांचा मुलूख ब्रिटिश कोलंबियात आहे तसाच अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातही. 1846 च्या करारात 49 व्या अक्षांशावर सीमा आखली गेली आणि एकाच लोकांचे दोन देश झाले. सीमेपलीकडचे बरेच जण आज कोलव्हिलच्या राखीव क्षेत्रात आहेत. पिढ्यान्‌पिढ्या शिकवण म्हणून सांगत आलेल्या या कथांना सील्ख भाषेत 'चप्तीक्ल' म्हणतात. त्या माणसं यायच्या आधीच्या काळातल्या आहेत. तेव्हा प्राणीच माणसांसारखे बोलत-वागत होते आणि पुढे येणाऱ्या माणसांसाठी जग तयार होत होतं.

आता नावांची गोष्ट घेऊ. सगळ्या गोष्टींची किल्ली तिच्यात आहे.

सर्वश्रेष्ठ आत्मा सगळ्या प्राणी-लोकांना बोलावणं धाडतो. उद्या पहाटे या, ज्याला जे नाव हवं ते घ्या, जो आधी येईल त्याला आधी मिळेल. कायोटीला आपलं नाव अजिबात आवडत नाही. तो सगळ्यांपुढे फुशारक्या मारत फिरतो, की मी सगळ्यांत आधी पोचणार, मी ग्रिझली अस्वल होणार, नाहीतर गरुड, नाहीतर सॅमन मासा. त्याचा जुळा भाऊ कोल्हा म्हणतो, बघ हं, कदाचित तुझंच नाव तुझ्या गळ्यात पडेल, ते कोणालाच नकोय. कायोटी चिडतो. रात्रभर जागायचं ठरवून पापण्यांमध्ये काड्या अडकवून बसतो आणि तसाच उघड्या डोळ्यांनी झोपी जातो. बायको त्याला उठवते तेव्हा सूर्य वर आलेला असतो. (बायको चिचुंदरीसारखी, जमिनीखाली बिळं करणारी मोल आहे. नवरा फुशारक्या मारतो आणि घर ती चालवते.) तो धावत पोचतो, आपणच पहिले अशा थाटात. ग्रिझली? गेलं. गरुड? गेलं. सॅमन? तेही गेलं. उरलंय एकच, कोणीच न मागितलेलं.

इथे त्याचा चेहरा पडतो, आणि इथेच गोष्ट वळते. आत्मा म्हणतो, तुला मीच झोपवलं. तू शेवटी यावंस अशी माझी इच्छा होती, कारण तुझ्यासाठी मोठं काम ठेवलंय. माणसं येणार आहेत आणि वाटेत माणसं खाणारे राक्षस आहेत. त्यांचा निकाल लाव. त्यासाठी रूप बदलायची ताकद घे. मूर्खपणा तू करशील, ओंगळ गोष्टीही करशील, लोक तुला हसतील, त्याला इलाज नाही. आणि मेलास तर तुझा भाऊ कोल्हा तुला उठवेल. तुझं एखादं हाड, केसाचं झुपकं जरी शिल्लक असलं, तरी त्याने त्यावरून उडी मारली की तू जिवंत.

म्हणजे लबाडी आणि कर्तृत्व ही एका माणसाची दोन तोंडं नाहीत, दोन्ही एकाच नेमणुकीत आली आहेत. आपल्याकडे कर्ता म्हटला की तो शहाणा असावा अशी अपेक्षा असते. सील्ख कथेला तशी गरज वाटत नाही. त्या कथेतलं जग एका हावऱ्या, फुशारकीखोर, मधूनच दयाळू अशा प्राण्याच्या हातून घडलंय, आणि म्हणून त्यात सोयीही आहेत आणि खोटही आहे. तुम्ही राहता त्या केलोनाचं नाव ग्रिझली अस्वलाच्या सील्ख शब्दावरूनच आलंय. कायोटीला हवं असलेलं नाव शेवटी गावाला मिळालं, हे लेकीला सांगा, ती हसेल.

आता खोट कशी राहते ते बघा. ओकानागन खोऱ्यात गवे, म्हणजे अमेरिकन बायसन, नाहीत. का नाहीत? कायोटीमुळे. डोंगरांपलीकडच्या गवताळ मैदानांवर त्याला एका म्हाताऱ्या गव्याची कवटी सापडते. जिवंतपणी ज्याची भीती वाटायची तो मेलेला बघून कायोटी तिच्यावर थुंकतो, तिला लाथा घालतो. थोड्या वेळाने मागून गडगडाट येतो, गवा जिवंत होऊन धावत येतोय! कायोटी सौदा करतो. तुझी शिंगं बोथट झालीत, मी नवी करून देतो. नव्या शिंगांनी गवा आपल्या वैऱ्याला मारतो, बायका परत मिळवतो आणि खूश होऊन कायोटीला एक तरुण गवी देतो. अट एकच. हिला मारायचं नाही. भूक लागली की गारगोटीच्या सुरीने चरबीचा एक काप काढायचा, जखमेवर राख चोळायची, जखम भरून येते. जन्मभराची सोय. कायोटी काही दिवस अट पाळतो. मग त्याला रोज तेच तेच खाऊन कंटाळा येतो, मनात आतड्या-मज्जा घोळायला लागतात, आणि आपल्या मुलखाच्या जवळ आल्यावर तो तिला मारतो. कावळे आणि मॅगपाय मांसावर तुटून पडतात. उरलेली हाडं उकळून चरबी काढून देते म्हणणारी एक म्हातारी ती चरबी घेऊन पसार होते. तो परत गव्याकडे जातो, पण दुसरी संधी नाही. गवे कोलंबियाच्या खोऱ्यात आलेच नाहीत.

'हावरटपणा वाईट' एवढं यातून काढता येतं, मान्य. पण त्या खोऱ्यातल्या ऐकणाऱ्याच्या डोक्यात दुसरंच काही जातं. आपल्याकडे कुठलं अन्न आहे, कुठलं नाही, आणि जे आहे ते कापून खाताना किती कापायचं.

सॅमनच्या गोष्टीवर जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण ती अजून संपलेली नाही. कोलंबिया नदीच्या खालच्या अंगाला काही बहिणींनी (कोणी दोन सांगतो, कोणी चार) बांध घालून समुद्रातून नदीत वर चढणारे सॅमन अडवून ठेवलेले असतात. वरच्या लोकांना मासाच मिळत नाही. कायोटी रूप बदलून वाहत वाहत त्यांच्या दारात पोचतो. कुठे तो रडणारं तान्हं बाळ होतो, कुठे लाकडी वाडगा. बहिणी त्याला घरात घेतात. त्या दिवसभर बाहेर गेल्या की तो बांध खणायला लागतो. शेवटी त्यांच्या लक्षात येतं, त्या काठ्यांनी झोडपायला धावतात, पण तोवर बांध फुटलेला असतो. बहिणी पक्षी होतात, आणि कायोटी काठाकाठाने वर चालत जातो, मागून सॅमनची रांग.

आणि इथे परत त्याचा स्वभाव आड येतो. गावोगाव तो थांबतो आणि म्हणतो, मासे देतो, बायको द्या. ज्यांनी दिली तिथे मासे मुबलक, पकडायला सोपी जागा. ज्यांनी नाकारली तिथे तो नदीत खडक उभा करतो. सिमिल्कमीनच्या लोकांनी त्याला वाटेला लावलं, म्हणून ओरोव्हिलजवळ त्या नदीला धबधबा आहे आणि त्याच्या वर सॅमन जात नाहीत, असं सांगतात. उलट कोलंबियावर केटल फॉल्स ही मासेमारीची मोठी जागा झाली. तिथे हजारो वर्षं निरनिराळ्या जमाती उन्हाळ्यात जमत. सॅमनचा एक प्रमुख असायचा, मासे कधी धरायचे आणि कोणाला किती वाटायचे हे तो ठरवायचा. 1847 मध्ये पॉल केन हा चित्रकार तिथे आला, तेव्हा त्याने ही व्यवस्था डोळ्यांनी पाहून लिहून ठेवली. म्हणजे गोष्टीतला वाटपाचा प्रश्न खऱ्या आयुष्यात असा सुटलेला होता.

मग बांध परत आला. या वेळी कोलंबियावरचं ग्रँड कूली धरण. 168 मीटर उंच, मासे चढायला शिडी नाही. जून 1940 मध्ये केटल फॉल्स पाण्याखाली जाणार म्हणून हजारो आदिवासी तिथे तीन दिवस जमले. त्या मेळाव्याला 'अश्रूंचा सोहळा' म्हणतात. 1955 मध्ये त्याच्या खाली चीफ जोसेफ धरण झालं आणि सॅमनची वाट आणखी खालीच तुटली. ओकानागन नदी नशिबाने या दोन्हींच्या खाली कोलंबियाला मिळते, म्हणून समुद्रातून येणारा सॉकाय जातीचा सॅमन नऊ धरणं ओलांडून अजून इथे पोचू शकतो. पण तेवढ्यावर भागणारं नव्हतं. ओकानागन नेशन अलायन्स या सील्ख संघटनेने 2004 पासून पेंटिक्टन गावाच्या खालच्या स्काहा तलावात सॉकायची पिल्लं सोडायला सुरुवात केली, 2014 मध्ये पेंटिक्टनला स्वतःचं मत्स्यबीज केंद्र उभं केलं. पिल्लं सोडताना गाणी आणि प्रार्थना असतात. बांध फोडून मासे वर आणणाऱ्याची गोष्ट ज्यांनी लहानपणापासून ऐकली, ते लोक अभियंत्यांच्या बैठकीत बसतात तेव्हा ती गोष्ट त्यांच्यासाठी करमणूक उरत नाही. शाळेच्या पुस्तकात हा भाग सहसा गाळलेला असतो. माझ्या मते तो सांगितला नाही तर सॅमनची गोष्ट अर्धीच सांगितली.

पुस्तकांबद्दलही सावध राहा. ग्रंथालयात तुम्हाला बहुधा मोर्निंग डव्ह यांचा 1933 चा संग्रह मिळाला असेल. त्यांचं खरं नाव क्रिस्टीन क्विंटास्केट. कोलव्हिल राखीव क्षेत्रातल्या ओकानागन बाई. दिवसा फळबागांत आणि हॉप्सच्या मळ्यांत मजुरी करायची आणि रात्री तंबूत टाइपरायटरवर लिहायचं. 1936 मध्ये त्या गेल्या. नावांची आणि गव्याची गोष्ट मी सांगितली ती त्यांच्याच वळणाने. पण संपादकांनी त्यांच्या गोष्टी गोऱ्या मुलांच्या निजायच्या वेळेला शोभतील अशा करून घेतल्या. कामवासना, विष्ठा, असलं सगळं बाहेर गेलं. त्यात गंमतही गेली. जुन्या नोंदींत कायोटी संकटात सापडला की काय करतो? बसतो, शौच करतो आणि आपल्याच विष्ठेला सल्ला विचारतो. ती म्हणते, तुला सांगून उपयोग नाही, सांगितलं की तू म्हणणार 'हे तर मला ठाऊकच होतं'. तो गयावया करतो, ती उपाय सांगते, आणि तो छाती काढून म्हणतो, 'हे तर मला ठाऊकच होतं!' नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी याहून चांगला विनोद मला माहीत नाही. मोठ्यांना तो झेपत नाही, हा भाग वेगळा.

त्याआधीची पिढी म्हणजे जेम्स टीट. शेटलंड बेटांवरून आलेला माणूस, स्पेन्सेस ब्रिजला स्थायिक झाला, तिथल्या न्लाकापामुख जमातीच्या बाईशी लग्न केलं, तिथल्या भाषा शिकला. मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस यांच्यासाठी त्याने आतल्या डोंगराळ भागातल्या सेलिश लोकांच्या कथांचे ढीग उतरवले. 1898 चा थॉम्प्सन नदीकाठचा संग्रह त्याचाच. पुढे जमिनींच्या हक्कासाठी झगडणाऱ्या प्रमुखांचा तो दुभाषाही झाला. पण त्या काळच्या संग्राहकांना कथा 'अस्सल जुन्या' हव्या असत. कोणी आजी गोष्टीत बंदूक, घोडा किंवा राजा आणू लागली की भेसळ म्हणून तो भाग बाजूला.

म्हणून हॅरी रॉबिन्सन महत्त्वाचे. 1900 ते 1990 इतकं आयुष्य, सिमिल्कमीन खोऱ्यात हेडलीला राहणारे, गुरं राखलेले, आजीकडून गोष्टी शिकलेले. 1977 पासून वेंडी विकवायर या अभ्यासकांनी त्यांना ध्वनिमुद्रित केलं. नव्या पिढीची भाषा सुटत चाललेली पाहून ते इंग्रजीतून सांगत. विकवायर यांनी त्यांचं बोलणं सुधारलं नाही, श्वास जिथे थांबतो तिथे ओळ तोडून छापलं. रॉबिन्सन यांच्या एका गोष्टीत कायोटी आणि त्याचा धाकटा जुळा भाऊ आहेत. धाकटा एक कागद चोरतो आणि नाकबूल करतो. देव त्याला त्या कागदासकट समुद्रापार पाठवतो. एक दिवस त्याचे वंशज परत येतील आणि कागदात काय लिहिलंय ते दाखवतील, असं ठरतं. वंशज येतात. ते गोरे लोक. कागद दाखवत नाहीत, जमीन मात्र घेतात. पुढे कायोटी इंग्लंडच्या राजाला भेटतो आणि दोन्ही लोकांनी कसं राहायचं याचा कायदा लिहून घेतो.

ही 'भेसळ' म्हणायची? ब्रिटिश कोलंबियाच्या बहुतेक भागात, ओकानागन धरून, आदिवासींनी करार करून जमीन कधी दिलेलीच नाही. 1927 ते 1951 या काळात जमिनीचा दावा लढायला पैसे गोळा करणंसुद्धा कॅनडात कायद्याने गुन्हा होता. अशा वेळी कागद लपवणाऱ्या भावाची गोष्ट म्हणजे सरळ खटल्याची कैफियत आहे. मला विचाराल तर रॉबिन्सन यांचा कायोटी टीटच्या कायोटीइतकाच अस्सल आहे.

'सेलिश' म्हटलं की सगळीकडे कायोटीच, असं मात्र समजू नका. किनाऱ्याकडे, व्हँकुव्हर-सिअ‍ॅटलच्या बाजूला, लबाडी डोमकावळा आणि मिंक (मुंगसासारखा एक प्राणी) करतात, आणि जगाला आजचं रूप देणारा एक 'बदलणारा' फिरत असतो. व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कजवळ समुद्रात उभा असलेला सुळका त्यानेच माणसाचा केलेला दगड आहे, असं स्क्वामिश लोक सांगतात. सिअ‍ॅटलकडच्या अपर स्कॅगिट जमातीच्या व्हाय हिल्बर्ट (1918–2008) यांनी लशूटसीड भाषेतल्या गोष्टी जिवंत ठेवल्या. तिथे गोष्ट चालू असताना ऐकणाऱ्यांनी मधूनमधून 'हाबू' म्हणायचं असतं, आपल्याकडे आजी 'हुंकार द्या रे' म्हणायची तसं. हुंकार थांबला की गोष्ट थांबते.

तुमच्या गावातली आणखी एक गोष्ट. केलोनाच्या बागेत ओगोपोगोचा, म्हणजे तलावात राहतो असं सांगतात त्या जलराक्षसाचा, हिरवा पुतळा आहे, लेकीने त्याच्यावर चढून फोटोही काढला असेल. ते नाव 1920 च्या दशकातल्या एका विलायती गाण्यातून आलं. त्याच्या मागे सील्ख लोकांचा तलावाचा पवित्र आत्मा आहे, आणि त्याला दुकानात कापडी बाहुली म्हणून विकलेलं त्यांना आवडत नव्हतं. 2021 मध्ये वर्नन नगरपरिषदेने ओगोपोगो नावाचा आपल्याकडचा स्वामित्वहक्क ओकानागन नेशन अलायन्सकडे सोपवला. गोष्टी कोणाच्या, हा प्रश्न तिथे असा खरोखर सभागृहात येतो.

म्हणून मंडळात सांगताना काही पथ्यं पाळा. कायोटीच्या गोष्टी हिवाळ्यात, जमिनीवर बर्फ असताना सांगायच्या असा आतल्या सेलिश लोकांचा जुना रिवाज आहे. मोंटानातले सेलिश आजही तो पाळतात. दिवाळी त्यात बसत नाही. संक्रांतीच्या कार्यक्रमात सांगा, केलोनात तेव्हा बहुधा बर्फ असतं. सुरुवातीला कोणाची गोष्ट, कुठल्या लोकांची, कोणी सांगितलेली, हे नावानिशी सांगा. कायोटीचं नाव बदलून त्याला कोल्होबा करू नका, आणि शेवटी 'म्हणून मुलांनो' हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका. मुलांच्या डोक्याला पिसांचे मुकुट तर नकोतच. ते डोंगरांपलीकडच्या मैदानांवरच्या वेगळ्या जमातींचे, मूळचे इथले नाहीत.

पुस्तकात छापलेली आणि खुद्द सील्ख लोकांनीच बाहेर आणलेली गोष्ट निवडा. पेंटिक्टनचं एनाउकिन सेंटर ही सील्ख लोकांची शिक्षणसंस्था यासाठी उत्तम जागा आहे. लेखिका जेनेट आर्मस्ट्राँग यांचं काम तिथलंच. कायोटी नको वाटला तर तिथे शिकवतात ती चार अन्नप्रमुखांची गोष्ट घ्या. काळं अस्वल, सॅमन, बिटररूट हा कंद आणि सस्काटून बेरी एकत्र बसतात. माणसं येणार आहेत, त्यांच्यापाशी काहीच नसेल, ती जगतील कशी? अस्वल म्हणतं, मी स्वतःला देतो, आणि प्राण सोडतं. मग त्याला परत आणायला एकेक प्राणी आपलं गाणं म्हणतो. मोठमोठ्यांची गाणी फुकट जातात. शेवटी अस्वल उठतं ते माशीच्या गाण्याने.

ही सांगायला दहा मिनिटं पुरतात, आणि माशीचं गाणं मुलांना स्वतः रचायला लावता येतं. आधी शाळेत मात्र विचारून घ्या, लेकीने ऐकलेली गोष्ट शिक्षिकेने पुस्तकातून वाचली होती की कोणी सील्ख वडीलधारे वर्गात आले होते. आले असतील तर मंडळाच्या कार्यक्रमाला त्यांनाच बोलवा, रीतसर मानधन द्या, आणि तुम्ही शेजारी बसून मराठीत सांगा.